फरदडीचा हिशेब शिवारावर मांडा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सावनेर, काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा या पट्ट्यात कापसाचा तिसरा वेचा आटोपत आला आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, शेंड्याला अजून पाती म्हणजे कळ्या आहेत, चुकार फुले आहेत, सुपारीएवढी हिरवी बोंडे आहेत. विहिरीत पाणी आहे. अशा वेळी एक-दोन पाणी द्यावे, पोतेभर युरिया टाकावा आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी थोडा कापूस काढावा, हे कोणाच्याही मनात येणारच. यालाच फरदड म्हणतात. दरवर्षी कृषी विभाग ‘फरदड घेऊ नका’ म्हणून सांगतो आणि दरवर्षी फरदड घेतली जाते. त्यावर ‘शेतकरी ऐकतच नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आपल्या वावरापुरता शेतकऱ्याचा हिशेब बरोबर असतो. तो तुटतो धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

एका एकराचे गणित मांडू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे दर घालून पाहावेत. फरदडीत दीड क्विंटल कापूस निघाला असे धरा. त्यात कवडी, म्हणजे किडका, नीट न उललेला कापूस, बरीच; रुई पिवळसर आणि डाग पडलेली. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये आहे, पण तो चांगल्या प्रतीच्या मालाला. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की प्रत्येक टक्क्यामागे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) घेतच नाही. कवडी मिसळलेला माल तिथे उभा राहत नाही, तो खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, जातो. म्हणून ६,००० चा भाव धरू. आले ९,००० रुपये. आता खर्च. भरात आलेल्या वेच्याला एक बाई दिवसाला ४०-५० किलो सहज वेचते, पण शेवटच्या वेच्याला एकेक कवडी बोंडातून ओढून काढावी लागते आणि १५ किलोही कठीण जाते. त्यामुळे मजूर किलोवर येत नाहीत, रोजाने मागतात. ३०० रुपये रोज धरला तर दहा रोजांचे ३,००० झाले, म्हणजे वेचाईच किलोला २० रुपये पडली. दोन फवारण्या औषध-मजुरीसह १,८००, दोन पाण्यांची मजुरी ८००, युरियाची एक गोणी २६६ रुपये ५० पैसे. एकूण ५,९०० च्या आत-बाहेर. हातात ३,१०० रुपये उरले. जानेवारीत मुलांच्या फीला, उधारी फेडायला हे ३,१०० रुपये मोठेच आहेत. २०२२ च्या सुरुवातीला कापूस १०,००० च्या पुढे गेलेला लोकांनी पाहिला आहे; शेवटचा कापूस सोडवत नाही, यात त्या वर्षाच्या आठवणीचाही वाटा आहे.

याची दुसरी बाजू पुढच्या ऑक्टोबरात दिसते. त्याच एकरात पुढच्या हंगामी ८ क्विंटल येणार असेल आणि फरदडीत टिकून राहिलेल्या गुलाबी बोंडअळीने १५ टक्के खाल्ले, तर सव्वा क्विंटल कापूस गेला. ८,००० च्या भावाने ते ९,६०० ते १०,००० रुपये होतात. शिवाय दोन जादा फवारण्या. म्हणजे ३,१०० मिळवायला साडेअकरा हजारांच्या आसपास घालवले. आणि हे नुकसान एकट्या फरदडवाल्याचे होत नाही. ज्याने डिसेंबरात पऱ्हाटी उपटून वावर साफ केले, त्याच्याही बोंडात अळी शिरते, कारण पतंगाला धुरा कळत नाही. मिळकत एका घरात जाते आणि फटका शिवारभर वाटला जातो. असा व्यवहार एकेकट्याला उपदेश करून थांबत नसतो.

अळी वावरात टिकते कशी, हे प्रत्येकाने हाताने पाहावे. जानेवारीत फरदडीच्या झाडावरचे एखादे अर्धवट उललेले बोंड तोडा. पाकळीतली सरकी बोटांनी सुटी करा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आढळतील, जणू धाग्याने शिवलेल्या. त्या नखाने उघडल्या की आत गुंडाळी करून बसलेली गुलाबी अळी दिसते. ती खात नाही, हलत नाही, झोपलेली असते. थंडी सुरू झाली, दिवस लहान झाले की या अळीची एक पिढी अशी सुप्तावस्थेत जाते. बोंड झाडावर राहिले तर झाडावर, सरकी जिनिंगमध्ये गेली तर सरकीच्या ढिगात, पऱ्हाटी धुऱ्यावर रचली तर त्या ढिगात ती उन्हाळा काढते. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस पडला, हवेत ओल आली की कोष करून पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शिवारात कापसाला पाती-फुले नसतील तर मादीला अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी तशीच मरते. म्हणून मे महिन्यात ओलिताची लागवड करू नये असे सांगतात. अशा कापसाला जुलैतच फुले येतात आणि उपाशी मरणाऱ्या पतंगांना आयता आसरा मिळतो. वर्षातून चार-पाच महिने शिवारात कापसाचे हिरवे बोंड नसणे, हे या किडीवरचे सगळ्यात स्वस्त औषध आहे. त्याला पंप लागत नाही, विषही लागत नाही.

‘बीटी आहे ना, मग अळी कशी?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो. बीटी म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने बोंडअळीला मारणारे विष झाडातच बनवणारा कापूस. त्याला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. आज गुलाबी बोंडअळीने दोन्ही विषे पचवली आहेत. २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर वाढलेली दाट पऱ्हाटी, दोन-तीन औषधांचे मिश्रण, तोंडाला रुमालही नाही, अशा स्थितीत ती फवारणी चालली होती.

प्रतिकार इतक्या लवकर का आला, याचे एक कारण आपल्या बियाण्यातच आहे. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणात (ज्याचे बियाणे घरी राखता येते) आहे, आपल्याकडे जवळपास सगळा संकरित. संकरित झाडाच्या बोंडात जी सरकी भरते, तिच्यात प्रत्येक विषाचे जनुक सारखे उतरत नाही. चारातल्या साधारण एका सरकीत ते विष नसते. अळी एकाच बोंडात बिनविषारी सरकीवर पोसते, विषारी सरकी थोडी थोडी चाखते आणि तिला सवय होते. त्यात झाड म्हातारे झाले की बीटीचे विषही कमी बनते. फरदडीच्या झाडात तिन्ही गोष्टी एकत्र येतात: म्हातारे झाड, कमी विष आणि अळीची सर्वांत मोठी संख्या. प्रतिकारक अळी घडवायची भट्टी म्हणतात ती हीच. अळीत प्रतिकार लवकर येऊ नये यासाठी आश्रय म्हणून लावायच्या बिगर-बीटी बियाण्याची पुडी धुऱ्यावर फेकून दिली जात होती, म्हणून आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ते आधीच मिसळून येते. पण तोवर फार उशीर झाला होता.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. तिथे बीटी होता, वांझ पतंग सोडले गेले, कामगंधाने, म्हणजे मादीच्या कृत्रिम गंधाने, नर-मादीची गाठ पडू दिली नाही. पण त्याबरोबर ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी काढून जमिनीत गाडण्याची सक्तीही होती. वांझ पतंगांचा कारखाना आपल्याला उद्या उभारता येणार नाही. तारीख मात्र उद्याच ठरवता येते.

आता वावर बंद करायचे कसे, ते सांगतो. तारीख ३१ डिसेंबर. शेवटची फवारणी होऊन किमान तीन आठवडे झाले असतील तर वावरात शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात. हिरवी पाने आणि किडकी बोंडे त्या फस्त करतात, लेंडीखत वावरातच पडते. मेंढ्या बसवायची रीत आपल्याकडे आहेच, ती पऱ्हाटीच्या वावरातही वापरावी. नुकतेच फवारलेल्या वावरात मात्र जनावर घालू नये, जिवावर बेतते. त्यानंतर पऱ्हाटी मुळासकट काढायची. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे विळ्याने किंवा कुऱ्हाडीने जमिनीच्या वर चार बोटे सोडून कापणे. कापसाचे खुंट जिवंत असते. ओल मिळाली की त्याला महिनाभरात फूट येते, पाती धरते आणि न मागता फरदड उभी राहते. चिमट्याने उपटायचे असेल तर शेवटच्या पाण्यानंतर जमीन वाफशावर असतानाच उपटावे. काळी जमीन एकदा तडकली की पऱ्हाटी मुळाशी तुटते, उपटून येत नाही.

ट्रॅक्टरचा श्रेडर असेल तर तो पऱ्हाटीची दोन-तीन इंचांची कुट्टी करून तिथेच पसरतो. तेवढ्यावर सोडू नये, मागून रोटाव्हेटर किंवा नांगर चालवून खुंट उलटायला हवे. नांगरट खोल असेल तर जमिनीतले कोष वर येतात, उन्हाने मरतात, बगळे-साळुंक्या वेचतात.

आणि पऱ्हाटी जाळू नये. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी काटोल रोडने किंवा सावनेरकडून येताना धुराचा पट्टा दिसतो, थंडीत तो वर चढत नाही, जमिनीलगत रेंगाळतो. श्वासाचा त्रास हा एक भाग झाला. मातीचे नुकसान मला त्याहून मोठे वाटते, कारण ते दिसत नाही. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. ती पेटवली की त्यातला कर्ब आणि बहुतेक सगळे नत्र हवेत जाते, गंधकाचाही मोठा भाग जातो. पालाश आणि स्फुरद राखेत उरते, पण ढीग जाळला तिथेच; बाकी वावराला काही मिळत नाही. आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी, त्यात राखेने त्या जागेचा सामू आणखी चढतो आणि जस्त-लोह पिकाला उचलता येत नाही. विदर्भाच्या कितीतरी वावरांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला आहे. कर्ब कमी झालेली काळी माती पावसात चिकट होऊन बसते, उन्हात तडकते. पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. पंधरा दिवसांची उघडीप पडली की अशाच वावरातली पऱ्हाटी आधी मान टाकते. त्याला आपण ‘पाऊस दगा देतो’ म्हणतो.

जाळले नाही तर काय, याचे उत्तर सरळ आहे, पण त्यात एक खोच आहे. पऱ्हाटीचा कुट्टा लाकडी असतो, त्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे. तो तसाच गाडला की कुजवणारे जिवाणू आपल्या गरजेचे नत्र मातीतून ओढतात आणि जुलैत पीक पिवळे पडते. मग लोक म्हणतात, कुट्टी गाडून जमीन बिघडली. एक टन कुट्टीमागे ८ किलो नत्र जादा द्यावे, म्हणजे १७-१८ किलो युरिया, अर्ध्या गोणीहून कमी. फरदडीवर टाकायच्या गोणीतला अर्धा भाग इथे लावला तर जमिनीत राहतो. दुसरे असे की जानेवारीत कोरड्या मातीत काही कुजत नाही. खरे कुजणे पावसाळ्यात सुरू होते. ज्याच्याकडे थोडे पाणी आहे त्याने कुट्टी वावराच्या कोपऱ्यात ढीग लावून कुजवावी. पाच-सहा फूट रुंद, साडेतीन-चार फूट उंच, लांबी सोयीप्रमाणे. फूटभर कुट्टी, त्यावर शेणकाला आणि थोडा युरिया व सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून, पुन्हा कुट्टी. ओल इतकी हवी की मूठ आवळली तर तळहात ओला व्हावा, पाणी गळू नये. वरून माती-शेणाने लिंपावे किंवा ताडपत्री घालावी. आठवड्यात आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. अळी, कोष, रोगाची बीजे त्या उष्णतेने मरतात. बाहेरचा थर मात्र गार राहतो, म्हणून दर तीन आठवड्यांनी ढीग उलटून बाहेरचे आत घालणे चुकवू नये. कापसाच्या काडीला चार-पाच महिने लागतात. जानेवारीत लावलेला ढीग जूनच्या पेरणीआधी वावरात पसरता येतो.

चुलीसाठी पऱ्हाटी लागतेच, हे कोणी नाकारू नये. पण रचण्याआधी बोंडे झोडून घ्यावीत, तेवढीच गोळा करून खोल पुरावीत. ढीग ताडपत्रीने झाकावा आणि मे लागायच्या आत संपवावा. घराजवळचे, धुऱ्यावरचे उघडे ढीग जूनपर्यंत राहतात, तिथूनच पहिले पतंग उठतात.

कोराडी, खापरखेडा, मौदा ही औष्णिक केंद्रे आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि कोळशासोबत ठरावीक टक्के जैवभाराच्या, म्हणजे पिकांच्या काडीकचऱ्याच्या, गोळ्या जाळायचे केंद्राचे धोरण आहे. पऱ्हाटी त्यासाठी चालते. अडचण वाहतुकीची: अखंड पऱ्हाटीने ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन काहीच भरत नाही. कुट्टी गावातच झाली तरच भाडे परवडेल. तरी माझे मत असे की जास्त किडलेल्या वावराची पऱ्हाटी गोळ्यांना द्यावी, बाकीची मातीला.

पाण्याबद्दल थोडक्यात. पाच सेंटिमीटरचे एक पाणी म्हणजे एकरी सुमारे २ लाख लिटर. फरदडीला दोन पाणी दिले की ४ लाख लिटर दीड क्विंटल कवडी कापसासाठी गेले. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वावर मोकळे झाले तर त्या पाण्यावर उशिराचा गहू निघतो. महिनाअखेर मोकळे झाले तर जानेवारीच्या शेवटी तीळ पेरता येतो. विहीर हिवाळ्यातच तळ गाठत असेल तर काही न पेरता नांगरून ठेवणे बरे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. शेतकऱ्याला कापूस डिसेंबरात संपवा म्हणायचे आणि हाती १८० दिवसांचा संकरित वाण द्यायचा, हे जुळत नाही. १५०-१६० दिवसांत एकदम फुटणारा, आटोपशीर झाडाचा वाण दाट लावला तर नोव्हेंबरअखेर वावर रिकामे होते. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे आणि अशा दाट म्हणजे सघन लागवडीवर तिचे काम बरेच पुढे गेले आहे. पण पैशाचे पाहा. चार बाय दीड फुटावर एकरी ७,२६० झाडे बसतात, दोन पाकिटांत भागते. तीन फूट बाय सहा इंचावर २९,०४० झाडे बसतात. एका पाकिटात पाच हजारांच्या आसपास दाणे धरले तर सहा पाकिटे लागतात. २०२५ च्या ९०१ रुपये दराने १,८०२ ऐवजी ५,४०६ रुपये. म्हणजे फरदड सोडून जेवढे गेले, त्याहून जास्त बियाण्यात गेले. म्हणून सरळ वाणाचे बीटी बियाणे मुबलक आणि वेळेवर मिळणे ही कळीची गोष्ट आहे. ते घरी राखता येते, दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. संस्थेने आणि कृषी विद्यापीठाने असे वाण दिले आहेत. ते कृषी केंद्रात मे महिन्यात दिसत नाहीत. सघन लागवड हलक्या-मध्यम जमिनीतच करावी. भारी काळ्या जमिनीत झाड माजते, दाटीत खालची बोंडे सडतात. तिथे ४५ आणि ६०-६५ दिवसांनी वाढ रोखणाऱ्या मेपिक्वॅट क्लोराईडशिवाय पीक हाताबाहेर जाते.

मग करायचे काय? प्रत्येक कापूसवाल्या गावाच्या ग्रामसभेने ऑक्टोबरातच वावर मोकळे करायची एक तारीख ठरवावी आणि ती पुढच्या धुऱ्यावरच्या गावाशी जुळवून घ्यावी. एकरी दोन कामगंध सापळे लावून पतंगांची नोंद चावडीवर लिहावी. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले, किंवा वीस झाडांची वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी निघाली, की फवारणीची वेळ झाली. त्याआधी सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारले तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. जिनिंगवाल्यांनी आवारात सापळे लावावेत आणि सरकीचे ढीग एप्रिलच्या आत तेलगिरणीला लावावेत. पावसाळ्यापर्यंत पडून राहिलेला ढीग आजूबाजूच्या पाच-सहा गावांना पुरतो.

आणि श्रेडर. अवजार बँकांतून तो भाड्याने मिळतो, पण एका श्रेडरमागे इतकी गावे असतात की पाळी फेब्रुवारीत येते. तोवर थांबायला कोणाकडे वेळ नसतो, काडी लावली जाते. कृषी विभागाने आणि जिल्हा परिषदेने या हंगामापासून एवढे तरी करावे: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात श्रेडरचे गावनिहाय वेळापत्रक जाहीर करावे, आणि ज्या गावाने तारीख पाळायचा ठराव केला आहे त्याला पाळी आधी द्यावी. फरदड सोडणाऱ्याला पऱ्हाटीच्या कुट्टीचे भाडे माफ केले तरी त्याचे बुडालेले ३,१०० रुपये काही प्रमाणात भरून निघतील.

आपला,
कापूस विस्तार कार्यातील एक कृषी पदवीधर,
नागपूर